आरशातली बाई

खुर्शिदाला आताशा सकाळी दुकानाचं शटर वर ढकलतानाच थकवा यायचा. भोरच्या बाजारपेठेतल्या त्या फोटो स्टुडिओत तिची तेहतीस वर्षं गेली होती. खरा फोटोग्राफर तिचा नवरा, इस्माईल. पण तो दम्याचा माणूस, आठवड्यातले चार दिवस अंथरुणावर. त्यामुळं लग्नानंतर सहाच महिन्यांत कॅमेरा हिच्या हातात आला. इस्माईलला जाऊनही आता नऊ वर्षं झाली होती. "हौस कसली, नाइलाजानं धरला कॅमेरा," असं ती विचारणाऱ्याला सांगायची. सांगून सांगून ते तिला पाठ झालं होतं.

लोकांच्या फोटोतलं नको ते काढण्यात तिचा जन्म गेला. चष्मेवालं गिऱ्हाईक समोर बसलं की काचांत दिव्याचे दोन पांढरे ठिपके उमटायचे. मग उठायचं, चष्म्याच्या काड्या कानावर जरा वर उचलायच्या, हनुवटी दोन बोटांनी खाली करायची, परत कॅमेऱ्यामागं यायचं. "हं, आता माझ्याकडं बघा." लग्नघरात मागं काचेचं कपाट आलं तर त्यावर चादर टाकायला लावायची. स्वतः मात्र ती कुठल्याच फोटोत नव्हती. निकाहच्या फोटोत ओढणीखालची नुसती हनुवटी, आणि त्यानंतर एकदम आधार कार्ड. त्यावरची बाई तिची तिलाच ओळखू यायची नाही.

आता लग्नं, साखरपुडे सगळे मोबाईलवर काढत. तिच्याकडं उरले होते पासपोर्ट फोटो, आणि गेलेल्या माणसांचे जुने फोटो मोठे करून देणं. मुलगा इमरान म्हणत होता, "अम्मी, दिवाळीनंतर मी हितं मोबाईल दुरुस्ती टाकतो. तुमी आता घरी बसा." तिनं मान डोलावली होती. नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो, तो उरला नव्हता.

भादव्यातल्या एका दुपारी अजित नावाचा टेम्पोवाला दुकानात आला. मार्गासनीचा, पंचेचाळिशीचा माणूस.

"भाभी, माझ्या थोरल्या बहिणीचा फोटो मोठा करायचाय. नवं घर बांधलंय, तितं लावायचा."

त्यानं मोबाईलवर फोटो दाखवला. फ्रेमच्या काचेत ट्यूबलाईटची पांढरी पट्टी आणि अजितचाच मोबाईल धरलेला हात, एवढंच काय ते नीट दिसत होतं.

"फ्रेम काढून आणा की," खुर्शिदा म्हणाली.

"न्हाई जमत. वल लागून फोटो काचंला चिकाटलाय. वढला तर फाटंल. आन आयी तर भित्तीवरनं खाली घिऊ देत न्हाई. एकच फोटो हाय तिचा. तुमीच चला, टेम्पोतनं नेतो आन सोडतो." मग जाता जाता तो म्हणाला, "मागं कोण एक बाई आलीया, ती तेवढी काढून टाका. काँप्युटरवर निघतं म्हणं."

दुसऱ्या दिवशी ती निघाली. नसरापूर मागं पडलं, भातखाचरं सुरू झाली आणि टेम्पोच्या हादऱ्यातही तिचा डोळा लागला. मार्गासनी आल्यावर अजितनं हाक मारली तेव्हा आपण कुठं आणि कशाला आलोय हे आठवायला तिला एक क्षण लागला.

जुन्या घराच्या पुढच्या खोलीत अजितची आई, अक्काबाई, खाटेवर बसली होती. ऐंशी पार केलेली, पण आवाज खणखणीत.

"फोटु खाली घ्यायचा न्हाई."

"नाही घेत, मावशी. हाय तिथंच काढते."

फोटोसमोर उभी राहिली तर काचेत खुर्शिदाला आधी दिसली ती स्वतःच. पिकलेले केस, डोळ्यांखाली काळं, खाली ओघळलेले गाल. तिनं काही फार बघितलं नाही. हे रोजचंच होतं. काचेतलं स्वतःचं तोंड घालवायचं आणि कामाला लागायचं. तिनं दार लोटायला सांगितलं, पिशवीतलं काळं कापड काढून कॅमेऱ्यासकट अंगावर घेतलं. काचेतली म्हातारी विझली आणि मागचा फोटो वर आला.

एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, दोन वेण्या, काठापदराची साडी. हसत होती. मुलगी दाखवायच्या फोटोत हसतात तसं ओठ मिटून नाही, अगदी मान मागं टाकून. तिच्या मागं कडेला उभा आरसा होता, कॅमेऱ्याकडं जरा तिरका वळलेला, आणि त्याच्या वरच्या कोपऱ्यातलं लाकडी फूल तुटलेलं होतं.

खुर्शिदानं आधी ते फूल ओळखलं. तो आरसा त्यांच्या स्टुडिओतला, गिऱ्हाइकांना केस विंचरायला ठेवलेला. मग तिनं आरशात पाहिलं. तिथं चोविशीतली एक बाई एक हात कॅमेऱ्यावर ठेवून, पदर खांद्यावरून घसरलेला, दात दाखवून हसत होती.

तिला सगळं आठवलं. त्या दिवशी इस्माईलला उठवत नव्हतं. एक बाई मुलीला घेऊन आली होती. रविवारी पाहुणे यायचे होते, त्याआधी फोटो हवाच होता. खुर्शिदानं तोवर एकटीनं एकही फोटो काढलेला नव्हता. इस्माईल मुलींना दरडावायचा, "हसू नका, दात दिसतात." तिनंही तसाच जाडा आवाज काढायला पाहिलं आणि घशातून निघाली चिरकी पिपाणी. मुलगी फसकन हसली, हीही हसली आणि हसता हसता बटण दाबलं गेलं.

नंतर इस्माईल म्हणाला होता, "आरशात स्वतःचाच फोटो काढलास? हे गिऱ्हाइकाला दाखवायचं?" रविवार तोंडावर आला म्हणून तोच फोटो द्यावा लागला, पण दोन दिवस तो बोलला नव्हता. तेहतीस वर्षं तिच्या ध्यानात राहिलं ते हे बोलणं. हसलेलं तिच्या ध्यानातही नव्हतं.

तिनं कापड बाजूला केलं आणि उंबऱ्यावरच बसली.

"काय गं बाई? चक्कर आली का?" अक्काबाईनं विचारलं.

"नाही. मावशी, ही आरशातली बाई... ती मीच हाय."

अजित ओशाळून दाराबाहेर बघायला लागला. अक्काबाईनं तिला खाटेवर बोलावलं. डोळ्यांना कमी दिसत होतं म्हणून तिच्या गालावरून, कपाळावरून हात फिरवला.

"लई म्हातारी झालीस की."

"झाले."

"माझी रत्ना आसती तर तीबी झाली आसती." "त्या पाव्हन्यांनी नापसंत केली तिला. फोटु बघून म्हनले, पोरगी दात काढती. आन फुडल्या वर्साला काविळीनं गेली."

खुर्शिदानं विचारलं, "म्हणजे माझ्यामुळं मोडलं, मावशी?"

"बरं झालं मोडलं. वरीसभर माझ्याजवळ ऱ्हायली. दिली आसती तर तितंच कुठं गेली आसती, मला तोंडबी दिसलं नसतं." मग ती अजितकडं वळली. "आन तुला कितीदा सांगितलं, बाई काढायची न्हाई म्हनून? बापाच्या धाकानं घरात कदी आशी हसली न्हाई ती. ही बाई काढलीस तर माझी पोर एकलीच हसत ऱ्हाईल."

खुर्शिदा उठली, पुन्हा कापड अंगावर घेतलं आणि फोटो काढले. एरवी दोनात भागायचं. त्या दिवशी तिनं अकरा काढले.

भोरला आल्यावर इमरान काँप्युटरवर फोटो साफ करायला बसला. डाग काढता काढता आरशापाशी थांबला. "ही कोण?"

"नीट बघ."

त्यानं मोठं करून पाहिलं, मग आईकडं पाहिलं. "अम्मी, तुमी अशा हसायचा?"

ती मागच्या खोलीत जाऊन स्टुलावर बसली. आनंद व्हायला हवा होता, पण दमल्यासारखंच वाटत होतं. तेहतीस वर्षं आपण लोकांना जे सांगितलं ते निदान पहिल्या दिवशी तरी खरं नव्हतं. आरशातली ती पोरगी कॅमेऱ्यामागं खुशीत उभी होती. तिला कुणी जुंपलं नव्हतं. मग ती गेली कधी? इस्माईलच्या बोलण्यानं, की हजारो हनुवट्या खाली करता करता? नेमका दिवस सापडेना. शोधायचाही कंटाळा आला. दिवाळीनंतर दुकान इमरानला द्यायचं ठरलं होतं ते तिनं बदललं नाही. दमली होती हे काही खोटं नव्हतं.

आठवड्यानं अजित फ्रेम न्यायला आला. कागदात गुंडाळलेली फ्रेम काखेत धरून तो दारात घुटमळला.

"भाभी, आयी म्हनती, घर बघायला मानसं येत्यात, इचारत्यात. त्या बाईचं नाव काय सांगायचं?"

"खुर्शिदा सांगा," ती म्हणाली. "भोरची."

त्यानं ते दोनदा म्हणून पाहिलं, पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदा बरोबर म्हणाला आणि टेम्पोकडं गेला.