मैदानाच्या कडेने चालणारे दिगूकाका

चोळायच्या मलमाचा तिखट, थंड वास, आणि त्याच्या मागोमाग ओल्या गवताचा. दिगूकाका दारात दिसण्याआधी हे दोन वास जिना चढून वर येत. लंडनजवळच्या स्लाऊमधल्या आमच्या घरी ते कधी बसल्याचे मला आठवत नाही. चहाचा कप हातात घेऊन खिडकीपासून दारापर्यंत त्यांच्या येरझाऱ्या चालत. जणू आमच्या कार्पेटखालीही कुणी सीमारेषा आखून ठेवली होती.

मूळचे ते साताऱ्याकडचे कबड्डीपटू. ऐंशीच्या दशकात इंग्लंडमध्ये अमेरिकन फुटबॉलचे पहिलेवहिले संघ उभे राहिले, तेव्हा वेअरहाऊसमधली शिफ्ट संपवून हे गृहस्थ त्यांतल्या एकात जाऊन सामील झाले. पहिल्याच सामन्यात त्यांनी चेंडू घेऊन पळणाऱ्याचा घोटा पकडला. तो कोसळला, शिट्टी वाजली, तरी काका सोडीनात. दंड संघाला बसला. "पंच ओरडतोय, आणि मी वाट बघतोय, ह्याचा दम कधी तुटतोय," असे सांगताना ते स्वतःच आधी हसत.

गुडघे गेल्यावर ते प्रशिक्षक झाले. नव्या शतकाच्या आरंभी माझा धाकटा भाऊ रोहन त्यांच्या हाताखाली खेळू लागला. "तुझी धडक म्हणजे देवळातली घंटा रे, नुसता आवाज," असे त्याला ऐकवत; पण संघाची सारी भिस्त त्याच्यावरच होती.

एका वर्षी प्रायोजकाने बजावले: शेवटचा सामना जिंका, नाहीतर संघ बंद. त्या सामन्यात रोहन डोक्यावर आदळला. उठला, आणि शांतपणे प्रतिस्पर्ध्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. काकांनी त्याला ओढून बाहेर आणले, हेल्मेट काढून घेतले आणि ते काखेत धरून कडेने चालू लागले. रोहन मागोमाग.

"काका, आय अ‍ॅम फाइन. प्लीज, जाऊ द्या मला."

"समोरच्या टीमचं नाव सांग. लगेच जा."

रोहनला ते सांगता येईना. सगळ्या संघाने विनवण्या केल्या. काका चालतच राहिले. सामना थोडक्यात हातचा गेला. संघ मोडला. दिवसचे दिवस रोहन पडदे ओढून अंधारात पडून राहिला, कण्हत. आणि काकांचे नाव काढले की भिंतीकडे तोंड फिरवी.

पाने गळू लागली तेव्हा काका मला हाय स्ट्रीटवर भेटले. गळ्यात शिट्टी नव्हती. मोकळे हात कुठे ठेवावेत ते त्यांना सुचत नव्हते. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत ते उभे होते. संघाबद्दल, त्यांच्या इतक्या वर्षांबद्दल काही बोलावे म्हणून मी शब्द जुळवत होते. त्यांनी मला थांबवले, जवळ आले आणि हलक्या आवाजात रोहनबद्दल एवढेच विचारले:

"डोकं?"