माझ्या वजनाचा गूळ

आमच्या केडगावच्या बाजूला नवस फेडायची एक पद्धत होती. आजारातून उठलेल्या पोराची देवीच्या देवळात गुळाची तुला करायची. लिंबाच्या फांदीला तागडी बांधायची, एका पारड्यात पोर, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा, समोर हलगी. मग तो सगळा गूळ गावभर वाटायचा. मी तीन वर्षांची असताना तापानं माझी नुसती हाडं उरली होती, तेव्हा आईनं माझ्या तुलेचा नवस बोलला. मी वाचले, नवस मात्र राहून गेला.

बारा वर्षांची झाले तरी तो राहिलेलाच होता आणि तोवर मी चांगली जाड झाले होते. हा शब्द मी सरळ वापरते, कारण मला तो कुणी सरळ वापरलाच नाही. बायका म्हणायच्या, "खात्यापित्या घरची दिसती." शाळेत मी ढोली, नाहीतर रणगाडा. एसटीत एखादे आप्पा ओरडायचे, "हिचं दीड तिकीट फाडा हो!" आणि अख्खी गाडी हसायची. दौंडच्या कापडदुकानातला माणूस माझ्याकडं बघत आईशी बोलायचा, "ताई, या मापात पोरींचं येत न्हाई." पाहुणे दारातूनच म्हणायचे, "तब्येत सुधारली की!" नऊ वर्षं झाली होती त्या तापाला, अजून किती सुधारायची? माझी मैत्रीण काडी होती, तिला लोक बोलावून लाडू द्यायचे. माझी भाकरी मात्र सगळे मोजायचे. आजही आठवलं की डोकं तापतं.

पण माझ्याकडं एक आशा होती. आदल्या वर्षी शेजारच्या पोराची तुला मी पाहिली होती. ढेप चढली की लोक "चांगभलं" म्हणत होते. पारडं हलेना तशी त्याची आई आणखी फुलत होती. गावात ती एकच जागा होती, जिथं जड असणं चांगलं होतं. मला तिथं बसायचं होतं, सगळ्या गावासमोर. म्हणून मी आईच्या मागं लकडा लावला.

एक दिवस तिनं मला झुंजुमुंजू असतानाच उठवलं. देवळात पुजारी आणि मामा, बाकी चिटपाखरू नाही. मामानं त्याच्या गुऱ्हाळावरून ढेपा आणल्या होत्या.

"हलगी कुठंय?" मी विचारलं.

"कशाला? आवाज झाला की लोक जमत्यात," आई म्हणाली.

मी पारड्यात बसले. पाचव्या ढेपेला माझं पारडं उचललं. मामा मोठ्यानं "चांगभलं" म्हणाला, तर आईनं त्याला दटावलं, "हळू की रं!" ती सारखी वाटेकडं बघत होती. मग तिनं तीन ढेपा पोत्यात भरल्या आणि दोन मामाच्या गाडीत परत ठेवायला लावल्या.

मामा चपापला. "अगं, नवसाचा गूळ हाय!"

"पाच वाटल्या तर गाव काय म्हनंल? उद्या हिचं लगीन जमवायचंय."

बारा वर्षांच्या पोरीचं लग्न! आप्पांचं मी सोसलं होतं, दुकानदाराचं सोसलं होतं. हे मला सोसेना. घरी जाताना मी तिला विचारलं, "आई, तू देवीला काय मागितलं होतंस?"

ती थांबली. "पोरीच्या अंगाला मांस लागू दे, म्हनले व्हते."

"मग लागलं की."

 ती डोक्यावरचं पोतं सावरत पुढं चालू लागली.

दुपारी शेजारीण प्रसादाला आली. पोत्याकडं बघून म्हणाली, "एवढ्यातच पोरीची तुला भागली व्हय?"

"व्हय," आई म्हणाली, "दिसती तेवढी न्हाई ती."

मी तिथंच दारात उभी होते, पाचही ढेपांची.