शनी जागचा हलला नाही

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवतो. ज्याला माप लावता येत नाही, त्यावर मी बोलत नाही. या सदरातले अनुभवही आजवर करमणूक म्हणूनच वाचत आलो. तरी आज लिहितोय... कारण घरात हे कुणाला सांगायचं धाडस होत नाही.

आमचं घर जामखेडला, खर्डा रस्त्यापासून थोडं आत. मागच्या परसात कडुनिंब, धुण्याचा दगड आणि जरा मोकळी जागा. लग्नानंतर तिथेच मी हाताने दुर्बीण बनवली — आरसा, पीव्हीसीची नळी आणि खाली प्लायवूडचा फिरता पाट. मोटर नाही. अशा दुर्बिणीत ग्रह थांबत नाही. पृथ्वी फिरते, त्यामुळे तो बघता बघता कडेला सरकतो आणि दिसेनासा होतो. म्हणून नळी सारखी हळूच ढकलावी लागते.

ते काम माझी बायको सुनंदा करायची. मी स्टुलावर बसून डोळा लावायचो, ती नळीला तळहात टेकून उभी. पुढे पुढे तर मी न सांगताच नेमकं ढकलायची.

"तुमी बघा निवांत. मी हाय ना, धक्का स्टार्ट!"

तिला जाड नंबरचा चष्मा होता. स्वतः बघायचं तर चष्मा काढून फोकसची कळ फिरवायला लागायची. मग मला सगळं पुसट.

"परत फोकस घालवलास!" मी खेकसायचो.

"आवो, मग मला दिसाया नको व्हय?"

एकदा शेजारची मंडळी शनी बघायला जमली होती. त्यांच्यादेखत मी म्हणालो, "आंधळीला कशाला हवाय शनी?" सगळे हसले. तीही हसली. पण त्यानंतर तिने कधी डोळा लावला नाही. ढकलत मात्र राहिली. तेव्हा शनीचं कडं छान रुंद दिसत होतं... तिने ते पाहिलंच नाही.

कोविडात ती गेली. दुर्बीण पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकली.

गेल्या दिवाळीत मुलगी पुण्याहून आली आणि हटूनच बसली — "पप्पा, काढा ना ती खाली." आरसा धुतला, पाट पुसला. दिवेलागणीला परसात मांडली. शनी सापडला, तशी जुन्या सवयीने नळीच्या रेषेत पाटाखालच्या न हलणाऱ्या फळीवर पेन्सिलची रेघ ओढली. कडं वर्षागणिक कमी-जास्त रुंद दिसतं; या वेळी सुईसारखं बारीक. मुलगी चहा टाकायला आत गेली, मी बघत बसलो.

बऱ्याच वेळाने ध्यानात आलं — मी एकदाही ढकललं नव्हतं. आणि शनी मधोमध होता.

दोन्ही हात मांडीवर ठेवले. वाट पाहिली. हलला नाही. पाट अडकला असेल? पण मग तर शनी केव्हाच निघून जायला हवा होता! वाकून पाहिलं. नळी पेन्सिलच्या रेघेपासून बोटभर सरकलेली होती. वारा नव्हता.

भीती वाटली नाही, खरं सांगतो. स्टुलावरून उठलो आणि म्हणालो, "सुनंदा, ये. आता तू बघ." धुण्याच्या दगडापाशी जाऊन पाठ करून उभा राहिलो — आपण काय करतोय, हे कळत असून.

थोड्या वेळाने परत येऊन डोळा लावला. शनी मधोमधच. पण पुसट, पिवळट ठिपका.

तेवढ्यात मुलगी चहा घेऊन आली. तिचे डोळे आईवर गेलेत, नंबरही जवळपास तोच. तिने चष्मा डोक्यावर सरकवला आणि वाकली.

"हात लावू नका हं पप्पा! एकदम क्लिअर आहे. लिंबात सुई खुपसल्यासारखं दिसतंय!"

"कळ फिरवलीस का तू?"

"मी? मी तर आत्ता येतेय. तुम्हीच लावून ठेवलं ना माझ्यासाठी?"

मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सगळं तपासलं. कळीचे आटे मीच पाडलेत, ती आपोआप फिरत नाही. त्यानंतर कितीतरी संध्याकाळी दुर्बीण लावली. शनी सरकतो, ढकलावंच लागतं.

त्या संध्याकाळी मुलगी कप घेऊन आत गेल्यावर मी पुन्हा स्टुलावर बसलो होतो. कळीला हात लावला नाही. तो पुसट शनी तसाच बघत राहिलो... हळूहळू कडेला गेला, आणि दिसेनासा झाला.