मासोळीची मुंडी

हवालदार बन्सी म्हणायचे, रजेचा शेवटचा दिवस आदल्या संध्याकाळी १७:०० वाजता सुरू होतो. म्हणून ते आदल्या दिवशीच दिंद्रुडहून आपल्या जुन्या मोटारसायकलवर नेकनूरला आमच्या घरी मुक्कामाला आले. दुसऱ्या दिवशी १३:३० ला बीडहून नगरची एसटी, तिथून रेल्वे आणि पुढे चार दिवसांनी पूर्वेकडच्या डोंगरातलं आमचं युनिट. गाडी बीडमध्ये त्यांच्या बहिणीकडे ठेवायची, असा प्लॅन होता.

मी आठवी पास. नववीत शाळा सोडून शेळ्यांमागं गेलो आणि तिथून मेस कीपर म्हणून फौजेत. लोकांना वाटतं फौजी म्हणजे बंदूक. माझ्या हातात बहुतेक बटाटाच असायचा. बन्सी डी.आर. होते, म्हणजे डिस्पॅच रायडर, मोटारसायकलवर एका पोस्टवरून दुसऱ्या पोस्टवर डाक नेणारे. आम्ही सगळे त्यांना उस्ताद म्हणायचो. युनिटमध्ये बीड जिल्ह्यातले आम्ही दोघंच. पहिल्या हिवाळ्यात मी पेटी बांधून पळून जायच्या तयारीत बसलो होतो, तेव्हा त्यांनी चहाचा मग हातात दिला आणि म्हणाले, "पळायचंय तर पळ. पण रजेचा अर्ज लिहायला शीक, म्हंजी रीतसर पळता येतंय." अर्ज लिहायला शिकलो. पळायचं राहून गेलं.

आधीच्या रजेवरून मी एक दिवस उशिरा हजर झालो होतो. आता पुन्हा उशीर झाला तर सर्विस बुकात लाल शाईची नोंद पक्की होती. ही रजा मिळाली ती उस्तादांनी कंपनी कमांडरसमोर सावधानमध्ये उभं राहून शब्द दिला म्हणून. "सर, इसको टाइमपर मैं लाऊंगा." त्यामुळे मी आदल्या दिवशी रेल्वेचं वॉरंट, म्हणजे तिकिटाऐवजी फौजेकडून मिळणारा कागद, चार वेळा तपासलं. पाचव्या वेळी आमच्या आबांनी ते काढून घेतलं.

१७:१० ला अंगणात गाडीचं इन्स्पेक्शन झालं. दिवा, हॉर्न, ब्रेक, ओके. मग उस्तादांनी चेन कव्हरमधलं रबरी बूच काढून आत बोट घातलं.

"चेनलॉक ढिलं झालंय. नवं आण."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चेनची दोन टोकं एका जोडकडीनं जोडतात. कडीवर एक पट्टी बसते आणि पट्टी निघू नये म्हणून वरून एक क्लिप. क्लिप दिसायला मासोळीसारखी, एका बाजूला गोल मुंडी, दुसऱ्या बाजूला फाटलेली शेपूट. नखाएवढा ऐवज, पण सगळी गाडी त्याच्या भरवशावर.

मी दुकानातून लॉक आणलं. उस्ताद दाढी करत होते. आरशातूनच ऑर्डर आली, "मुंडी पुढं, शेपूट मागं. ध्यानात ठेव."

"जी उस्ताद."

त्या गाडीचं चेन कव्हर दोन भागांचं, वरचं आणि खालचं. वरच्याचा बोल्ट गंजलेला, हलेना. मी फक्त खालचं काढलं, चाक फिरवून जोड खाली आणला आणि नवी क्लिप बसवली. मुंडी पुढं, हेडलाइटकडं. दोनदा बघितलं. कव्हर लावलं आणि रिपोर्ट दिला. उस्ताद म्हणाले, "शाब्बास." ती शाब्बासकी मला रात्रीच्या जेवणापर्यंत पुरली.

सकाळी १०:१५ ला निघालो. मांजरसुंब्याचा घाट नीट उतरलो. ११:१० ला, पालीच्या अलीकडं, खडाड असा आवाज आला. इंजिन बोंबलायला लागलं आणि गाडी हळूहळू उभी राहिली. उस्तादांनी बूच काढून आत बघितलं. चेन तुटून खाली पडली होती.

"लॉक गेलं."

"दुकानदारानं डुप्लिकेट दिलं, उस्ताद," मी लगेच म्हणालो. "आणि रोडवर खण्ण वाजलं. मी कानानं ऐकलं."

बीड अजून दहा किलोमीटर. ढकलत न्यायची तर तीन तास. मी म्हणालो, गाडी इथंच कुणाकडं ठेवू आणि जीपनं जाऊ.

"डी.आर. गाडी टाकून जात न्हाई बे." त्यांनी घड्याळ बघितलं. "१२:३० पर्यंत शोध. न्हाई सापडलं तर तू जीपनं निघायचं. मी ढकलत येतो."

"मंग तुमची एसटी?"

"माझी लाल शाई."

वीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या बुकात एकही डाग नव्हता. 

शोध फौजी पद्धतीनं झाला. रस्त्याच्या डाव्या कडेला ते, उजव्या कडेला मी, आलेल्या वाटेनं माघारी, नजर जमिनीवर. आमच्यात अंतर दहा पावलांचं. तरी उस्ताद वायरलेसवर असल्यासारखेच बोलत होते.

"लहू, रिपोर्ट. ओव्हर."

"एक खिळा, उस्ताद. आणि बाटलीचं बूच. ओव्हर."

"खिळा खिशात टाक. कुणाचं तरी टायर वाचंल. आऊट."

एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालली होती. तिनं विचारलं, "कावून वाकून चालताव बाबांनो? पैसं पडले का?"

"न्हाई आक्का, मासोळी," उस्ताद म्हणाले. बाईनं पालीच्या धरणाकडं बोट दाखवलं आणि पावलं झपाझप टाकत निघून गेली.

११:५५. सापडलेला माल: दोन खिळे, तीन बुचं, लहान मुलाची एक चप्पल. बीडकडं जाणारी जीप गेली. उस्तादांनी हात केला नाही. मी वॉरंटाला खिशावरून हात लावून बघितला. शोधत फिरून गाडीपाशी आलो, तर तिथं मेंढरांचा कळप येऊन थांबला होता. मेंढपाळ म्हातारा काठीवर हनुवटी टेकून आमचं ऑपरेशन बघत होता. नाव त्याचं गेनाबा.

"फौजी हाव का?" त्यानं विचारलं.

"होय मामा."

"तरीच. दोघं एका लाइनीत चालताव."

तेवढ्यात त्याचा एक एडका गाडीला पाठ घासायला लागला. मी हाकलायला धावलो. गेनाबा म्हणाला, "थांब, थांब. ऐक की."

एडका अंग घासत होता. गाडी हलत होती. आणि खालच्या चेन कव्हरच्या पोटात खुळखुळ वाजत होतं.

उस्तादांनी माझ्याकडं बघितलं. मी एडक्याकडं बघितलं.

"रोडवर खण्ण वाजलं न्हाई का?"

"वाजलं होतं, उस्ताद. आतून वाजलं असंल."

खालचं कव्हर काढलं. चेन, जोडकडी, पट्टी आणि क्लिप, सगळी मंडळी आत बसलेली. क्लिप तुटलेली नव्हती. जरा फाकली होती, एवढंच. म्हणजे दुकानदार सुटला. उस्ताद उकिडवे बसले.

"कशी बसवली व्हती?"

"मुंडी पुढं, उस्ताद. तुमी सांगितली तशीच."

"कुठल्या पुढं?"

"हेडलाइटकडं."

"जोड वर व्हता का खाली?"

"खाली."

त्यांनी क्लिप तळहातावर घेतली. बोलला तो गेनाबा, ज्यानं आयुष्यात मोटारसायकल चालवली नव्हती.

"आरं, आडाच्या रहाटाचा दोर एकीकडनं वर येतो, दुसरीकडनं खाली जातो. तुझी साखळी वरच्या अंगानं पुढं जात आसंल, तर खालच्या अंगानं मागंच जाणार की! ती मासोळी शेपटीकडनं पवत व्हती. आडकंल न्हाई तर काय व्हईल?"

मला भर दुपारी उस्तादांसमोर जमिनीत गेल्यासारखं झालं. मी दुकानदाराच्या मालाला डुप्लिकेट म्हणालो होतो, तेही आठवलं. उस्ताद हसायला लागले. इतके हसले की मेंढरं बाजूला सरली.

"चूक माझी हाय," ते म्हणाले. "ऑर्डर अर्धी दिली. पुढं म्हंजी हेडलाइट न्हाई बे. चेन जिकडं पळती तिकडं पुढं." आणि लगेच आवाज कडक. "ज्यानं बसवली तोच बसवंल. टाइम, १२:१०."

पक्कड नव्हती. मी किटमधून माझा मेसचा चमचा काढला. गेनाबानं दगड दिला. फाकलेली क्लिप दगडावर ठोकून सरळ केली, कडी घातली, पट्टी बसवली. 

"मुंडी?"

"मागच्या चाकाकडं, उस्ताद. जोड खाली हाय."

"कन्फर्म?"

"कन्फर्म."

चमच्याच्या दांड्यानं क्लिप रेटली. टक् असा आवाज झाला. तसा गोड आवाज मी नंतर फार ऐकला नाही. गेनाबाला आम्ही चहाचा आग्रह केला, तर तो म्हणाला, "माझ्या एडक्याला सलाम करा, बस." उस्तादांनी खरोखर केला. टाच जुळवून.

बहिणीकडं जायला वेळ उरला नव्हता. १३:०५ ला बीडच्या स्टँडवर गाडी पार्किंगमध्ये लावली आणि उस्तादांनी त्यांच्या भावजींना फोन केला. १३:३० ची एसटी लेट होऊन १४:२० ला सुटली.

युनिटमध्ये आम्ही एक दिवस आधी हजर झालो. आठवड्यानं उस्तादांनी नव्या डी.आर. जवानांचा क्लास घेतला आणि मेसमधून मला बोलावलं. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर वाजणार. त्यांनी माझ्या हातात चेन दिली आणि जवानांना म्हणाले, "इस सब्जेक्टका उस्ताद ये है." कसा झालो ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. शेवटपर्यंत नाही.

पुढच्या पावसाळ्यात ते डाक घेऊन खालच्या पोस्टवर गेले. १४:०० ला पोचायला हवे होते. १५:४० ला सेटवर मेसेज आला, "डी.आर. नहीं पहुंचा. ओव्हर." दरड कोसळली होती. सर्च पार्टीत मीही गेलो, मेसचा माणूस असून. कुणी थांबवलं नाही. ते सापडले तेव्हा डाकेची बॅग छातीखाली कोरडी होती. फौजेची गाडी जरा वर अडकली होती. चेन शाबूत, लॉक जागेवर. मी बघितलं.  रात्री मेसमध्ये मी त्यांचं ताट वाढलं आणि मग लक्षात आलं.

आता फौजेतून निवृत्त होऊन मी घरापासून लांब वापीला एका कारखान्याच्या गेटवर ड्यूटी करतो. ०६:३० ला पहिल्या शिफ्टच्या मोटारसायकली लागतात. उघड्या चेनची दिसली की मी वाकतो. पोरं म्हणतात, काका, काय पडलं?

रजेत एक दिवस दिंद्रुडचा असतो. ती जुनी मोटारसायकल आता उस्तादांच्या वडिलांकडं आहे. ती फारशी कुठं जात नाही. रोज सकाळी ते एक किक मारतात, पाच मिनिटं चालू ठेवतात आणि बंद करतात. मी गेलो की ते म्हणतात, "लहू, बघ रं बाबा तुझं ते." मी कव्हरमधलं रबरी बूच काढतो आणि हातानं चाक हळूहळू फिरवतो. एकेक कडी समोरून जाते. मग पालीच्या रस्त्यावर चमच्यानं बसवलेलं लॉक वर येतं आणि मी थांबतो.

मुंडी पुढं आहे, उस्ताद.