केरळच्या बाईंना भात शिकवायला गेले

आमच्याकडे मत सांगायची एकच रीत. शेजारीण घरात येते, भाताच्या गंजावरचं झाकण उचलते आणि म्हणते, "पाणी कमी पडलं वो तुझ्या भातात." कोणी रागावत नाही. उलट ती काहीच न बोलता गेली तर वाईट वाटतं. मी अर्जुनी मोरगावकडच्या धानाच्या घरातली, याच रीतीत वाढलेली. त्यामुळे गोंदियाच्या राइस मिलमध्ये मला गोदामातून उचलून ऑफिसात बसवलं, तेव्हा मी ईमेलही असेच लिहायला लागले.

गोदामात मी नमुने काढायची. पोत्यात परखी, म्हणजे टोकदार पोकळ नळी खुपसायची, तांदूळ तळहातावर घ्यायचा, कणी किती, ओल किती ते बघायचं. नाकाला दिवसभर ओढणी बांधलेली, तरी कोंड्याच्या धुळीनं खोकून खोकून जीव जायचा. ऑफिसात पंखा होता, खुर्ची होती आणि बाहेरच्या ग्राहकांना इंग्रजीत उत्तरं द्यायचं काम होतं. अख्ख्या मिलमध्ये इंग्रजी घेऊन बीए झालेली मी एकटी. शेठजी म्हणाले, तीन महिने बघू, जमलं तर खुर्ची तुझी, नाही तर परत गोदाम. मला ती खुर्ची हवी होती. खोटं कशाला बोलू, फार हवी होती.

दुसऱ्याच महिन्यात केरळहून तक्रार आली. तिथं एक बाई मोठी खानावळ चालवायच्या आणि आमचा उसना, म्हणजे उकडा तांदूळ न्यायच्या. भात नीट शिजत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. मी लगेच उत्तर ठोकलं: तक्रार चुकीची आहे. तुम्हाला उसना तांदूळ शिजवता येत नाही. पाणी जास्त घाला.

झालं! बाईंचं उत्तर आलं ते थेट शेठजींना. मी तीस वर्षं रोज दोनशे माणसांचा भात शिजवते आहे, तुमच्या मुलीचं वय काय?

"अरे, केरलावालों को चावल पकाना सिखा रही है तू?" शेठजींनी कपाळावर हात मारला. आठ दिवसांनी बाईंशी व्हिडिओ कॉल ठरला आणि तोवर रोज जेवणाच्या सुट्टीत मला एका रिटायर झालेल्या इंग्रजीच्या मॅडमकडे धाडलं. "इस बार केरलावाली मैडम नाराज हुई, तो सीधी गोदाम में."

मॅडम माझं प्रत्येक वाक्य कापसात गुंडाळून परत द्यायच्या. मी 'नो' म्हटलं की त्यांचं 'आय ॲम नॉट शुअर अबाउट दॅट'. मी 'यू आर राँग' म्हटलं की त्यांचं 'आय मे बी राँग, बट'. म्हणजे माझं चुकत असेल, पण. मी भडकले. "मॅडम, माझं चुकूनच नाही राहिलं, तर चुकत असेल काऊन म्हणू?"

"म्हणून तर बघ," त्या चहा गाळता गाळता म्हणाल्या.

मी म्हणत सुटले. ऑटोवाला भलत्याच रस्त्यानं निघाला तर त्याला म्हटलं, "भैया, मैं गलत हो सकती हूँ, पर शायद हमें उधर मुड़ना था." त्यानं ऑटो थांबवून मागे वळून पाहिलं. "दीदी, तबीयत तो ठीक है ना?"

कॉलच्या दिवशी शेठजी माझ्या बाजूला बसले. पडद्यावर बाई, कपाळाला चंदन, चेहरा कडक. मी कागदावरची सगळी गोड वाक्यं एका दमात म्हणून टाकली: तुमचं म्हणणं समजतं, माझं चुकत असेल, पण मला वाटतं, कदाचित... आणि पुढचं साफ विसरले. काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, "तुम्ही कसा शिजवता, सांगाल का?"

बाई सांगू लागल्या. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी, शिजला की पेज निथळून काढायची. मग त्यांनी फोन खाली धरला आणि ताटातली शितं बोटानं दाबून दाखवली. एक शीत पार गळून मऊ झालेलं, शेजारचं तसंच टणक.

धानाच्या घरातल्या पोरीला हे कोणी शिकवावं लागत नाही. नवा तांदूळ लवकर गळतो, जुना वेळ घेतो. एका पातेल्यात दोन्ही म्हणजे पोत्यांतही दोन्ही. आणि त्या मालाचे नमुने मीच काढले होते! उकडून जीव जात होता, म्हणून समोरच्या रांगेत परखी खुपसली आणि चहा प्यायला गेले. मागच्या रांगांना हातही लावला नव्हता.

दोन मिनिटांपूर्वी जे नुसतं तोंडदेखलं म्हटलं होतं, तेच खरं निघालं. पण एकदा म्हणून झाल्यामुळे असेल, ते गिळायला वाटलं तेवढं जड गेलं नाही. "मॅडम, तुमचं बरोबर आहे. चूक माझी," मी इंग्रजीत म्हटलं. बाईंचा चेहरा सैल झाला. बरं, मग आता काय करायचं, त्यांनी विचारलं.

शेठजींनी झटकन कॉलवरचा आमचा आवाज बंद केला. "ये क्या बोल दिया तूने?"

आता माझं डोकं सरकलं. "माल मिक्स है, शेठजी. गलती मेरी है, और आपकी भी. पुराना माल पीछे आपने ही लगवाया था."

शेठजी लालबुंद झाले. पडद्यावर बाई वाट पाहून राहिल्या होत्या. गेली खुर्ची, मी मनात म्हटलं, आणि नकळत ओढणी सावरली.

शेठजी हळूच म्हणाले, "यही बात मुझे वो वाली इंग्लिश में बोल."

मी बोलले. सर, मला वाटतं, कदाचित जुना माल मागे लागला असावा आणि आपल्या दोघांच्याही ते लक्षात आलं नसावं. शेठजींनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि मग ते ग्लासभर पाणी प्यायले.

"मैडम को बोल, माल बदलके भेजते हैं," ते म्हणाले. "और सुन, आगे से मुझे भी सब ऐसे ही बताया कर. घर में तो कोई ऐसे नहीं बताता."