छाटलेली टोकं

"मॅडम, सगळं हिरवं झालं!" रेवती खुर्चीतून जवळजवळ उठलीच. स्क्रीनवरचा आलेख खरोखर हिरवागार होता, म्हणजे वाचन खात्रीचं. दह्यातल्या एका जिवाणूच्या डीएनएचे यंत्राने वाचलेले लाखो तुकडे, आणि प्रत्येक अक्षरासोबत यंत्रानेच नोंदवलेली आपली खात्री. तुकड्याच्या शेवटाकडे यंत्र जणू दमतं, खात्री घसरते. रेवतीने ती डळमळीत टोकं सरसकट छाटून टाकली होती.

मग तिने तुकडे जोडायला घेतले, तर जिवाणूचा अख्खा जिनोम सलग मिळण्याऐवजी त्याच्या चिंध्या झाल्या. तिचा चेहरा एवढासा झाला. दरवर्षी कुणीतरी हे करतंच, आणि ते पोर मला जरा जास्तच आवडायला लागतं.

"अगं, एका तुकड्याचं टोक दुसऱ्याच्या टोकाशी जुळतं, तेव्हाच जोड लागतो. टोकंच ठेवली नाहीस, तर ते एकमेकांना ओळखणार कसे?"

तिने कात्री सैल केली, टोकं कमी छाटून जोडणी पुन्हा लावली. आम्ही दोघी वाट बघत बसलो. मला आई आठवली. माहेरची गोष्ट सांगताना ती शेवटी अडखळायची, "पुढचं नक्की आठवत नाही," म्हणायची, आणि तिथूनच मावशी बोलायला लागायची. आई गेल्यावर मी मोबाइलवर रेकॉर्ड केलेल्या तिच्या गोष्टी नीटनेटक्या केल्या, अडखळणं तेवढं कापलं आणि मूळ पुसून टाकलं. परवा मावशीने त्या ऐकल्या, छान म्हणाली, पण तिची गोष्ट काही सुरू झाली नाही.

"जुळले मॅडम!"

"मूळ फाइल ठेवली होतीस ना?"

"हो, म्हणून तर जमलं."

"ठेवत जा गं," मी म्हटलं.