चुड्यात बसलेलं घड्याळ

बांगड्यांच्या दुकानात काच साचते. कितीही झाडा, फरशीच्या फटीत एखादा तुकडा राहतोच, आणि पुढे कधीतरी बेसावध तळपायाला लागतो. किस्स्यांचंही तसंच. आपण जमवत नाही, ते साचतात. मागच्या हिवाळ्यात आम्ही चार बायकांनी नवी घड्याळं वापरून बघितली, त्याचे एवढे साचलेत की कुणाला तरी सांगून टाकल्याशिवाय आता मला दुकानात अनवाणी फिरवत नाही.

मी इंदू कासारीण. जुन्या पनवेलच्या बाजारात माझं बांगड्यांचं दुकान. शाळा चौथीत सुटली. पुढचं शिक्षण, ज्या रद्दीत बांगड्या गुंडाळून येतात त्या रद्दीवर झालं. मराठी, हिंदी आणि खोक्यांवरचं इंग्रजी, सगळं माझं मी. त्यामुळे "आजी, तुम्हाला नाही कळणार" असं कुणी म्हटलं की मी त्याला आधी पायरी उतरायला लावते.

रुचा तसं म्हणाली नाही, म्हणून टिकली. ही पोरगी घड्याळाच्या कंपनीत डिझाइनचं काम करते, नवीन पनवेलला राहते. लग्नाच्या बांगड्या तिने माझ्याकडेच भरल्या होत्या. एक दिवस चार स्मार्टवॉच घेऊन आली.

"काकू, बाजारात यायच्या आधी तुमच्या वयाच्या बायकांनी ही वापरून बघायला हवीत. काय खुपतं, काय आवडतं, बिनधास्त सांगा."

"बिनधास्त?" मी म्हटलं. "मग जेवून ये. वेळ लागेल."

एक मी घेतलं. बाकीची तीन, दुपारी माझ्या दुकानात बसायला येतात त्या तिघींना. विमल ही कामोठ्याची, रिटायर शिक्षिका, फ्लॅटमध्ये एकटी. झुबेदाआपा मागच्या गल्लीतली. आणि हिराबाई बेलपाड्याची. तिच्या घरची मिठागरं गेली, बंगला आला, मुलं बिल्डर झाली. पण हिची नऊवारी आणि हातभर हिरवा चुडा होता तिथेच.

हिराबाईचा म्हातारा तेव्हा हृदयाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेला. ऑपरेशन झेपेल की नाही, यावर डॉक्टरांचंच एकमत होत नव्हतं. तिने घड्याळ घेतलं ते एकच प्रश्न विचारून.

"याच्यात काळजाचं ठोकं दिसतान?"

"दिसतात, आजी."

"मंग दे."

* * *

रुचा दर शनिवारी विचारपूस करायला यायची. पहिल्याच शनिवारी मी तिला धुतली.

"हा असला पट्टा कुणी बनवला?"

"आमच्या टीमने. का?"

"तुमच्या टीममध्ये एकाचीही बोटं दुखत नाहीत वाटतं! एवढंसं भोक, एवढीशी खुंटी. घालायला दुसऱ्या माणसाला बोलवावं लागतं. विमलकडे दुसरं माणूस नाही, म्हणून ती शेजारच्या वॉचमनकडे हात घेऊन जाते!"

विमल म्हणाली, "आणि तो बिचारा दर वेळी विचारतो, टीचर, कुठे बाहेरगावी चाललात का?"

रुचाने मान खाली घालून सगळं मोबाइलवर टाइप केलं. मला पोरगी आवडली. चूक ऐकून घेताना तोंड वाकडं करत नाही, हे सगळ्यांना जमत नाही.

* * *

झुबेदाआपा नमाजला बसली की घड्याळाला वाटायचं, बाई फार वेळ बसलीय. मग ते मनगटाला गुदगुल्या करून सांगायचं, "उठा, थोडं चाला!"

"या अल्ला!" आपा म्हणाली. "सासू गेल्यावर पहिल्यांदा कुणीतरी मला उठवायची हिंमत केली."

विमलचं उलटं. तिने बसल्या जागी सणाच्या पुरणपोळ्या लाटल्या. हात पुढेमागे, पुढेमागे. शेवटची पोळी तव्यावर गेली आणि घड्याळात फटाके फुटले. "अभिनंदन! आजचं चालणं पूर्ण!"

"इंदू," ती म्हणाली, "कामोठ्याहून पनवेलला आले गं मी. पोळपाटावरून!"

तिथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं.

* * *

एका संध्याकाळी मी घड्याळ काढून बांगड्या लावायच्या मखमली नळकांड्यावर चढवून ठेवलं. शेजारी हिरव्या बांगड्या, मधे हे. चांगलं दिसत होतं. गिऱ्हाईक आटपून मी सहज बघितलं, तर स्क्रीनवर लाल बदाम धडधडतोय आणि खाली आकडा. मखमलीच्या नळकांड्याला नाडी!

मी हात लावला. गार. आत नुसता पुठ्ठा. आकडा एकाने वाढला.

शनिवारी रुचाला दाखवलं. ती अजिबात दचकली नाही. "काकू, याच्या पोटाखाली हिरवा दिवा आहे. त्याचा उजेड कातडीवर पडतो, परत येतो, त्यावरून ते अंदाज करतं. कापडावर, लाकडावरसुद्धा कधीकधी फसतं."

"म्हणजे जिवंत काय आणि मेलेलं काय, याला कळत नाही?"

"तसं नाही... पण हो, कधीकधी नाही कळत."

"मग माझ्या हातावर जो आकडा येतो तो माझाच कशावरून?"

ती टाइप करायची थांबली. त्या दिवशी तिने चहा अर्धा ठेवला.

* * *

यात एक सोय आहे. माणूस पडलं की घड्याळ विचारतं, "तुम्ही पडलात असं वाटतं. ठीक आहात का?" उत्तर दिलं नाही तर मुलाला फोन जातो. विमलसारखीला चांगलंच आहे. मी म्हणते, या एका गोष्टीसाठी ते विकत घ्यावं.

तर विमल दुपारी खुर्चीत पेपर वाचत होती. घड्याळ समोर टीपॉयवर. मधेच थरथरलं. "तुम्ही पडलात असं वाटतं. ठीक आहात का?"

तिने बटण दाबलं, ठीक. थोड्या वेळाने परत. "ठीक आहात का?" परत दाबलं. तिसऱ्यांदा तिने ते सरळ उशीखाली सरकवलं.

रुचाकडे याचंही उत्तर होतं. "टीपॉयला हादरा बसला असेल. वरच्या फ्लॅटमध्ये काहीतरी जड पडलं की खालच्या घरात जाणवतं. सेन्सर फार बारीक आहे."

"असेल," विमल म्हणाली. "वरच्या मजल्यावर कुणी पडलंच असणार."

"बघा!"

"फक्त तो फ्लॅट विकला गेलेला नाही, रुचा. बिल्डिंग झाल्यापासून तिथे कुणी राहायला आलेलं नाही."

विमलने त्या दिवसापासून टीपॉय गॅलरीत ठेवला. घड्याळ मात्र घालत राहिली. मी विचारलं, का गं? तर म्हणाली, "निदान कुणीतरी विचारतं तरी, ठीक आहात का."

* * *

माझं स्वतःचंही सांगते, लपवायचं काय त्यात!

घड्याळाने एकदा दाखवलं की मी भर दुपारी गाढ झोपले होते. मी भडकले. दुपारी मी दुकानात होते, खारघरच्या एका नव्या नवरीला चुडा भरत होते! मला दुकानात झोप आल्याचं या बाजारात कुणी दाखवून द्यावं.

"याला फेकून दे," मी रुचाला सांगितलं. "खोटं बोलतं."

ती म्हणाली, "हालचाल कमी आणि नाडी संथ असली की ते झोप धरतं. तुम्ही शांत बसला असाल."

"मी? शांत?" आपा एवढी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी ती नवरी आईला घेऊन परत आली. बांगड्या छान बसल्यात म्हणाली, आईलाही तशाच हव्या होत्या. मग जरा घुटमळली.

"काकू, काल तुमची तब्येत बरी नव्हती का?"

"का?"

"तुम्ही अख्खा चुडा भरलात. माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. आणि डोळे..."

आईने तिला कोपराने ढोसलं. डोळ्यांचं काय, ते मी अजून विचारलेलं नाही. मी कुणाला घाबरत नाही. पण विचारलेलं नाही.

* * *

आता हिराबाई.

आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. नवरा जिवंत असलेल्या बाईचा हात भुंडा ठेवायचा नाही, घडीभरही नाही. जुन्या बांगड्या काढताना एक तरी हातात राखायची, नवी आत गेली की मगच ती काढायची. बांगडी फुटली असंही आम्ही म्हणत नाही, वाढवली म्हणतो. माझ्या आईने हे मला शिकवलं, आणि मी आजवर एकाही हाताच्या बाबतीत मोडलेलं नाही.

घड्याळाला जागा करायला हिराबाईच्या डाव्या हातातल्या बांगड्या काढाव्या लागल्या, नाहीतर काच खणखणून त्यावर आदळायची. रुचा म्हणाली, "उजव्या हातात आहेत ना, मग झालं."

"नाय झालं," हिराबाई म्हणाली. "कासारीनबाय, तू भर माझ्या हातान. चुडा भरतंस तसं."

मग मी तसंच भरलं. घड्याळाला हळदकुंकू लावलं, आधी ते बसवलं, मग शेवटची बांगडी काढली. रीतीप्रमाणे ती वाकून माझ्या पाया पडली. रुचा बघत राहिली. झालं! त्या क्षणापासून ते घड्याळ राहिलं नाही.

पण मेलं चार्जिंग! दर थोड्या दिवसांनी ते हातातून काढावंच लागतं. हिराबाई घरी काढायची नाही. सुनेने एकदा झोपेत काढायचा प्रयत्न केला, तर हिने सुनेचा हात असा धरला की बोटांचे वळ उठले. मग रिक्षा करून ती माझ्याकडे यायची. मी हिरवी बांगडी आधी सरकवायची, मग घड्याळ सोडायचं. ते भरेपर्यंत ती त्याच्यासमोर पापणी न हलवता बसायची. भरलं की घड्याळ आधी, बांगडी नंतर.

रुचा म्हणाली, "काकू, असं कुणी वापरेल हे आमच्या मीटिंगमध्ये कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं."

"मग मीटिंगला एखादी कासारीण बोलवत जा."

* * *

आणि मग ऑपरेशनचा दिवस ठरला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पन्नास-पन्नास धरा. नेमकी त्याच दिवशी घड्याळं परत द्यायची होती. दुपारी ऑफिसातून सगळी एकदम बंद करणार होते.

मुलांनी हिराबाईला हॉस्पिटलात नेलं नाही. "आये, तू घरान बस." ती घरात बसली नाही, माझ्या दुकानात येऊन बसली. आम्ही तिघींनी आपापली घड्याळं काउंटरवर ठेवली. रुचाने हिराबाईसमोर नुसता हात पुढे केला, तर ती म्हणाली, "म्हातारा टेबलावर हाय. आज नाय."

"आजी, काढू नका. पण ते आपोआप बंद होईल. माझ्या हातात नाही हो." रुचाचे डोळे भरले होते.

दुपारी काउंटरवरची तिन्ही एकापाठोपाठ एक काळी पडली. आपा काहीतरी पुटपुटत होती. हिराबाईचं चालू राहिलं. लाल बदाम, खाली आकडा.

रुचाने ऑफिसला फोन लावला. "चौथं बंद झालं नाहीये." पलीकडचं ऐकलं. आधी घड्याळाकडे बघितलं, मग मोबाइलकडे.

"काय म्हणतात?" मी दटावलं.

"चारही बंद आहेत म्हणतात."

तिने हिराबाईचा उजवा हात घेतला, नाडीवर बोटं ठेवली. ठेवलीच. मग माझी बोटं तिथे टेकवली. हिराबाईची नाडी घाबरलेल्या कोंबडीसारखी फडफडत होती. डाव्या हातावरचा बदाम मात्र सावकाश, दमलेल्या माणसाने जिना चढावा तसा, एक एक ठोका देत होता.

आणि तो थांबला. आकडा गेला. नुसत्या दोन रेघा.

विमलने तोंडाला पदर लावला. मी हिरव्या बांगड्यांकडे बघत होते, हातात एकही घ्यायची माझी छाती होईना. रस्त्यावरून टेम्पो गेला, पाववाला गेला. हिराबाई भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. तिने घड्याळाकडे बघितलंसुद्धा नाही.

"गप ऱ्हावा," ती म्हणाली. "म्हातारा जरा दम खातंय."

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग बदाम परत उठला. एक. जरा थांबून, दोन.

बऱ्याच वेळाने मुलाचा फोन आला, स्पीकरवर. "आये, झालं! बाबा बरं हायत. डाक्टर बोलला, मधी काळीज बंद करून काम करावं लागलं, मंग परत चालू केलं. आये, आयकतंस ना?"

"आयकतंय," हिराबाई म्हणाली, आणि डावा हात माझ्यापुढे केला. "आता काढ."

मी हिरवी बांगडी आधी सरकवली. मग पट्टा सोडला. माझ्या तळहातावर आलं तेव्हा ते काळंठिक्कर होतं, आणि इतकं गार की मी ते काउंटरवर टाकलंच. रुचाने चार्जरला लावून बघितलं. काही नाही.

पोरगी कामाची पक्की. तशातही तिने मोबाइल उघडला. "आजी, शेवटचा प्रश्न. घड्याळ वापरायला कसं वाटलं?"

"ब्येस," हिराबाई पदर सावरत म्हणाली. "येकच हाय. त्यान टाइम कदी दिसला नाय."

"असं कसं? उघडलं की पहिल्यांदा टाइमच येतो. मग एवढे दिवस त्यात काय बघत बसायचात?"

हिराबाई पायरी उतरता उतरता थांबली. तिने रुचाकडे बघितलं, मग आम्हा तिघींकडे, एकेक करून.

"म्हंजे?" ती म्हणाली. "तुमाला म्हातारा दिसत नव्हता?"